लोहाची ज्वारी मोताळ्याच्या ताटात कशी येईल?

पेरणीच्या तोंडावर शेतकरी वाणाची चौकशी करतो, तेव्हा प्रश्न ठरलेले असतात. उतारा किती, किती दिवसांत येते, रोगाला टिकते का, कडबा किती निघतो आणि भाव काय मिळतो. दाण्यात लोह किती आहे, हे कुणी विचारत नाही. नवे वाण तयार करणारे शास्त्रज्ञही अलीकडेपर्यंत ते विचारत नव्हते. हरित क्रांतीच्या काळात पोती भरणे हीच निकड होती आणि पैदास उताऱ्यासाठीच झाली. दाण्याच्या आतल्या लोह-जस्ताकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात झाली ती गेल्या वीस-बावीस वर्षांत, आणि त्यातून पुढे आली जैवसंपृक्त वाणे.

जैवसंपृक्त वाण म्हणजे ज्याच्या दाण्यात लोह, जस्त, प्रथिने किंवा अ जीवनसत्त्व मुळातच नेहमीपेक्षा जास्त असते असे वाण. रेशनवर दिला गेलेला पोषणयुक्त तांदूळ वेगळा. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले कृत्रिम दाणे गिरणीत शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले असत. ते दाणे दिसायला थोडे निराळे असल्याने ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ अशी आवई उठली आणि बऱ्याच घरांत ते निवडून फेकले गेले. जैवसंपृक्त धान्यात वरून काही घालावे लागत नाही. पीकच मातीतून ते उचलते आणि दाण्यात साठवते. त्यामुळे वेचून टाकण्यासारखे त्यात काही उरत नाही.

याची गरज किती आहे हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीवरून कळते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि ३६.१ टक्के कमी वजनाची. रक्तक्षयाचे आकडे याहून वाईट आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ५४.२ टक्के होते. चौथ्या फेरीत मुलांचा आकडा ५३.८ टक्के होता, म्हणजे काही वर्षांत तो उतरण्याऐवजी चढला. ही उपासमार नव्हे. भाकरी, भात, पोळी यांनी पोट भरते, पण ‘अंगात रक्त नाही’ असे डॉक्टर सांगतात. लोहाच्या गोळ्या आशा सेविका घरपोच देते. मळमळ होते, पोट बिघडते म्हणून त्या कित्येकदा फडताळातच पडून राहतात. रोजच्या धान्यातूनच थोडे जास्त लोह गेले तर गोळीची आठवण ठेवावी लागणार नाही, हा जैवसंपृक्त वाणांमागचा साधा विचार आहे.

महाराष्ट्रात या विचाराची खरी परीक्षा झाली ती बाजरीवर. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागातली एक स्थानिक बाजरी हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत आली. तिच्यातून निवडलेले आयसीटीपी ८२०३ हे वाण १९८८ मध्ये महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाले. टपोरा दाणा आणि लवकर येणारे पीक यांमुळे ते इथे रुजले. त्यात लोह भरपूर आहे हे तेव्हा कुणाच्या लेखीही नव्हते. पुढे वाणांची खनिजे मोजायला सुरुवात झाली, तेव्हा शेतकऱ्याने उताऱ्यासाठी पसंत केलेले हेच वाण लोहातही पुढे निघाले. त्याच्यातलीच जास्त लोहाची रोपे पिढ्यान्‌पिढ्या निवडून इक्रिसॅटने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाबरोबर ‘धनशक्ती’ तयार केले. २०१२ मध्ये ते महाराष्ट्रासाठी आणि २०१४ मध्ये देशभरासाठी प्रसारित झाले. धनशक्तीच्या किलोभर दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅमच्या आसपास जस्त असते. बाजारातल्या संकरित बाजरीत लोह साधारण ४२ मिलिग्रॅम भरते. यात कुठेही जनुक-अभियांत्रिकी नाही. चांगले कणीस बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवण्याची शेतकऱ्याची जुनी रीतच इथे प्रयोगशाळेतल्या मोजमापाच्या जोडीने वापरली आहे.

धनशक्तीचे बियाणे बाजारात आणण्यात पुढाकार घेतला तो जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याच्या निर्मल सीड्स या कंपनीने. बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याच्या दृष्टीने हा शेजारचाच जिल्हा. त्यानंतर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या तेव्हाच्या औरंगाबाद केंद्रातून एएचबी १२०० एफई आणि एएचबी १२६९ एफई ही संकरित वाणे आली. पहिल्यात लोह ७३ आणि दुसऱ्यात ९१ मिलिग्रॅमपर्यंत आहे. आता नव्या बाजरीला देशपातळीवर मान्यता मिळवायची तर किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त लागते. २०१८ च्या सुमारास लागू झालेली ही अट सगळ्या वाणांहून महत्त्वाची म्हणावी लागेल. तिच्यामुळे लोह ही एखाद्या खास वाणाची मिरवण्याची गोष्ट राहिली नाही, पिकाची सर्वसाधारण पात्रता झाली.

दाण्यात लोह असणे आणि ते रक्तात उतरणे या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. त्याचा पुरावा शोधणारा प्रयोग तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांत झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा ते सोळा वयाच्या २४६ मुलामुलींचे दोन गट केले होते. एकाला जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी आणि शेव दिली, दुसऱ्याला साध्या बाजरीची. चार महिन्यांत पहिल्या गटाच्या शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी कमतरता भरून निघालेली मुले सहा महिन्यांअखेर दुसऱ्या गटापेक्षा दीडपटीहून अधिक होती. याच मुलांच्या लक्ष देण्याच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांतही सुधारणा दिसल्याचे पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी बेळगाव भागात दोन वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात समृद्ध बाजरीतून रोज सरासरी ०.६७ मिलिग्रॅम लोह शोषले गेले होते, तर साध्या बाजरीतून ०.२३. आकडे बारीक दिसतात, पण त्या वयाच्या मुलाच्या शरीराची रोजची गरजच तेवढी बारीक असते. सगळीकडे इतके नीटस उत्तर मिळालेले नाही. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतल्या वर्ष-दीड वर्षाच्या मुलांवर झालेल्या चाचणीत सगळ्या मुलांचा मिळून विचार केला तर ठळक फरक पडला नाही. लहान बाळ खाते किती, मधल्या काळात आजारी किती पडते, यावरही बरेच काही ठरते.

बाजरी हे मोताळ्याचे मुख्य अन्न नव्हे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते, थंडीत आणखी काही दिवस होते. वऱ्हाडाची भाकरी ज्वारीची. म्हणून या तालुक्याला महत्त्वाची आहे ती परभणीची ज्वारी. इक्रिसॅट आणि परभणीचे विद्यापीठ यांनी मिळून तयार केलेले ‘परभणी शक्ती’ हे वाण २०१८ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले. देशातली ही पहिली जैवसंपृक्त ज्वारी. तिच्या किलोभर दाण्यात ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त आहे. नेहमीच्या ज्वारीत हे आकडे अनुक्रमे ३० आणि २० च्या आसपास असतात. प्रथिने जवळपास १२ टक्के. लोह-जस्ताला बांधून ठेवणारे फायटिक आम्लही तिच्यात कमी आहे, आणि ही बाब लोहाच्या वाढीइतकीच मोलाची आहे.

या वाढीचा हिशेब घरगुती मापात करून पाहावा. प्रौढ स्त्रीला रोज सुमारे २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. दिवसाकाठी दोनशे ग्रॅम ज्वारीचे पीठ पोटात गेले, तर साध्या ज्वारीतून ६ मिलिग्रॅम आणि परभणी शक्तीतून ९ मिलिग्रॅम लोह मिळते. वाढ तीन मिलिग्रॅमची, म्हणजे गरजेच्या दहाव्या हिश्श्याची. जैवसंपृक्त वाणाने कुपोषण संपेल असे कुणी सांगत असेल, तर त्याला हा हिशेब दाखवावा. आणि एवढ्याने काय होणार असे कुणी म्हणत असेल, तर त्यालाही तोच दाखवावा, कारण हे तीन मिलिग्रॅम जादा खर्च न करता, सवय न बदलता, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस मिळणार आहेत.

अडचण आहे ती दोनशे ग्रॅम ज्वारी ताटात असण्याचीच. मोताळा तालुका बुलढाण्याच्या उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगररांगा उतरून पूर्णेच्या खोऱ्याकडे जाताना लागतो. नळगंगा धरण याच तालुक्यात. शिवारात आज कपाशी, सोयाबीन आणि मका. जुन्या पिढीला आठवते ती ज्वारी, तिच्याबरोबरचे मूग-उडीद आणि कपाशीतली तुरीची ओळ. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली आणि वऱ्हाडात खरिपाच्या ज्वारीला ‘हायब्रीड’ हेच नाव पडले. तिने पोती भरली खरी, पण कणसे भरण्याच्या वेळी परतीचा पाऊस आला की दाण्यावर बुरशी धरून ज्वारी काळी पडायची. काळ्या ज्वारीला व्यापारी हात लावेना, भाकरीलाही ती नको वाटे. भर म्हणून पाखरे, रोही आणि रानडुकरे. राखण करायला, कणसे खुडायला माणूस मिळेना. पुढे सोयाबीन आले. कापणीला सोपे, मळणीयंत्रातून काढले की थेट बाजारात, आणि पैसा हातात. शेतकऱ्याचा हिशेब चुकला असे म्हणता येत नाही. मात्र खरिपाची ज्वारी गेली, तसे घरच्या शेतातून घरच्या ताटात येणारे मुख्य धान्यही गेले. सोयाबीन तेलाच्या गिरणीकडे जाते. मक्याचा मोठा वाटा कोंबडीखाद्य, स्टार्च आणि इथेनॉलला. कापूस तर खाता येतच नाही. घरात जे शिजते ते रेशनच्या गव्हा-तांदळातून किंवा दुकानातून आलेले.

धान्य कुठल्या शेतातले हे कळेनासे झाले की काय होऊ शकते, याचा दाखला याच जिल्ह्यात मिळाला. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवडसारख्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत मुठीने गळू लागले, कित्येकांना टक्कल पडले. अडीचशेहून अधिक माणसे बाधित झाली. सुरुवातीला संशय पाण्यावर गेला, शाम्पूवरही. पुढे तपासण्यांत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम हे खनिज प्रमाणाबाहेर आढळले. महाडचे प्रसिद्ध डॉक्टर हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतः गावांत फिरून अभ्यास केला आणि याचा संबंध उत्तर भारतातून रेशनवर आलेल्या गव्हाशी जोडला. पंजाबातल्या काही पट्ट्यांची माती सेलेनियमयुक्त आहे. त्यांच्या निष्कर्षानुसार त्या गव्हातले सेलेनियम स्थानिक गव्हाच्या कित्येक पट होते, आणि रुग्णांच्या रक्तात जस्त मात्र कमी होते. हे प्रकरण जैवसंपृक्त वाणांचे नव्हते, पण त्यांच्यामागचे शास्त्र मात्र त्याने उघडपणे दाखवले. दाण्यात काय उतरते हे वाण आणि माती दोघे मिळून ठरवतात.

मातीची बाजू वऱ्हाडात सोपी नाही. इथली काळी जमीन चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी. अशा जमिनीत लोह-जस्त असते, पण मुळांना सहज मिळत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा तर वेगळीच डोकेदुखी. वाण कितीही गुणी असले तरी जमिनीत उचलण्याजोगे जस्त नसेल, तर दाण्यात भरणार काय? म्हणून पेरणीबरोबर झिंक सल्फेट देणे किंवा पीक फुलोऱ्याच्या सुमारास त्याची अर्ध्या टक्क्याची फवारणी करणे हा दुसरा मार्ग आहे. गव्हात अशा फवारणीने दाण्यातले जस्त चांगले वाढते. लोहाची फवारणी त्या मानाने कमी लागू पडते, तिथे वाणावरच भिस्त. मातीपरीक्षणाचा कागद बहुतेकांकडे असतो, आणि नत्र-स्फुरद-पालाशच्या पुढच्या रकान्यांकडे बहुतेकांचे लक्ष नसते.

नळगंगेच्या पाण्यावर रब्बीत गहू होतो. गव्हासाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे एमएसीएस ४०२८ हे बन्सी प्रकारचे वाण आहे. ते २०१८ मध्ये प्रसारित झाले. प्रथिने १४.७ टक्के, किलोमागे लोह ४६ आणि जस्त ४० मिलिग्रॅम. ते महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कोरडवाहू पेरणीसाठी शिफारस केलेले आहे, म्हणजे एखाद-दुसऱ्या पाण्यावरही साधते. मक्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले वाढवलेली वाणे आहेत. त्यांतल्या ‘पुसा विवेक क्यूपीएम ९ सुधारित’मध्ये अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटकही आहे. बट्टीच्या पिठात मक्याची भरड घालणाऱ्या घरांना हा मका उपयोगी पडेल. कोंबडीखाद्यासाठी विकल्या जाणाऱ्या मक्यात मात्र त्या गुणाची किंमत कुणी देणार नाही.

दाण्यातल्या लोहाचा किती अंश शरीरात जातो, हे चुलीपाशीही ठरते. तृणधान्यातले फायटिक आम्ल लोहाला धरून ठेवते, त्यामुळे शोषण दहा टक्क्यांच्या आतच राहते. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे याने हे आम्ल घटते. ज्वारीच्या पिठाची आंबील, मोड आलेली मटकी हे म्हणूनच नुसते चवीचे प्रकार नव्हेत. भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा कच्ची कोथिंबीर असली तर क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. अंबाडीची आंबट भाजी ज्वारीच्या कण्या घालून शिजवण्याची वऱ्हाडी रीत आहारशास्त्राच्या पुस्तकात शोभेल अशी आहे. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा बरेच काही वाया घालवतो. या एका सवयीबद्दल आरोग्यसेविका वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत आणि गावोगावी ती तशीच आहे.

जगात जैवसंपृक्त पिकांची चळवळ ज्या पिकाने गाजली ते म्हणजे आफ्रिकेतले केशरी गराचे रताळे. त्यासाठी मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना, तसेच ही चळवळ चालवणाऱ्या ‘हार्वेस्टप्लस’चे संस्थापक हॉवर्थ बुइस यांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. रताळ्याचा एक फायदा होता. त्याचा गुण डोळ्यांना दिसतो, केशरी गर पाहून आई मुलासाठी ते निवडू शकते. लोह-जस्ताचे तसे नाही. परभणी शक्तीचा दाणा आणि दुसऱ्या ज्वारीचा दाणा शेजारी ठेवले तर अनुभवी व्यापाऱ्यालाही लोह सांगता येणार नाही. ते मोजायला क्ष-किरणांवर चालणारे यंत्र लागते आणि ते बाजार समितीत नसते. तिथे दाण्याचा रंग, टपोरेपणा आणि ओलावा पाहून बोली लागते. मग जास्त लोहाची ज्वारी साध्या ज्वारीच्या ढिगात जाते आणि तिचा गुण पोत्यागणिक पातळ होतो. आधारभूत किमतीने घेतलेल्या ज्वारीचेही तेच. राज्यात ती मधूनमधून काही जिल्ह्यांत रेशनवर दिली गेली आहे, पण सगळी एकत्र झालेली.

त्यामुळे वाण प्रसारित होऊन इतकी वर्षे झाली तरी शेतकऱ्याने ते पेरावे असे कारण बाजारात तयार झालेले नाही. निव्वळ प्रबोधनाने ते होणारही नाही. घरापुरती ज्वारी पिकवणाऱ्याची गोष्ट वेगळी. परभणी शक्ती हे संकरित नसून सरळ वाण आहे आणि ज्वारीत परागीकरण बहुतांशी स्वतःच्याच फुलात होते, म्हणून त्याचे बियाणे घरचे घरी दोन-तीन हंगाम राखता येते. कपाशीच्या शेतात कडेने चार ओळी टाकल्या तरी एका घराची बरीच भाकरी निघते आणि जनावरांना कडबाही. याउलट विक्रीसाठी पेरणाऱ्याला हमीचे गिऱ्हाईक हवे. असे गिऱ्हाईक सरकारकडे आयतेच आहे. अंगणवाड्या, शाळांचे मध्यान्ह भोजन, आश्रमशाळा आणि वसतिगृहे. अहिल्यानगरचा प्रयोग निवासी शाळांतच झाला होता आणि तिथेच तो लागू पडला, हे या ठिकाणी विसरता कामा नये. तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीने एकाच वाणाची ज्वारी वेगळी साठवायची, नमुना अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचा आणि थोडा जादा भाव लावून ती त्याच तालुक्यातल्या अंगणवाड्यांना द्यायची, यात नवे शोधण्यासारखे काही नाही. फक्त खरेदीच्या निविदेत धान्याच्या वजनाबरोबर लोह-जस्ताची किमान अट लिहावी लागेल. नव्या बाजरीच्या मान्यतेला ती अट लागते, मुलांसाठी घेतल्या जाणाऱ्या धान्याला मात्र अजून लागत नाही.